पुडी की जवारी?

तबला दुरुस्तीला टाकला की बहुतेक वेळा पुडी बदलून मिळते. जुनी पुडी दुकानाच्या कोपऱ्यातल्या ढिगात जाते आणि तिच्यासाठी कोणी हळहळत नाही. खोड तेच असतं, त्यामुळे तबलाही 'तोच' असतो. तंबोऱ्याचं उलटं. जवारी बिघडली म्हणून कारागीर घोडी फेकून देत नाही. तीच घोडी हलक्या हाताने घासत, मध्ये मध्ये तार छेडून कानाने तपासत तो तिच्यातून पुन्हा आवाज काढतो. मिरजेत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चाललंय (२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं).

दोन्हीला आपण दुरुस्तीच म्हणतो. पण एकात भाग बदलतो आणि दुसऱ्यात भाग जपतो. आपल्या वाद्यांच्या बाबतीत कुठे काय करायचं हे कधीचंच ठरून गेलंय, त्यामुळे प्रश्नच पडत नाही. इलेक्ट्रिक गिटार मात्र अजून शंभरीही न गाठलेली. तिचा पिकअप मेला तर तो पुडी समजून बदलायचा की जवारी समजून सांभाळायचा, यावर अजून एकमत नाही. गंमत म्हणजे या प्रश्नाचं उत्तर दर वीस-तीस वर्षांनी बदलत गेलंय, आणि ते का बदललं हे पाहिलं की आज हातातल्या गिटारचं काय करायचं हेही बरंचसं उलगडतं. म्हणून या शनिवारी थोडा इतिहास. गिटार वाजवत नसाल तरी वाचा. घरात आजोबांचं घड्याळ, बंद पडलेला रेडिओ किंवा जुनं घर असेल तर हाच प्रश्न कधीतरी तुमच्याही दारात येणार आहे.

शंभर वर्षांनी फॅरडे

आधी थोडं फिजिक्स (घाबरू नका, बारावीच्या पुढे जाणार नाही). पिकअप म्हणजे एक चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. वरून गिटारच्या पोलादी तारा जातात. तार छेडली की चुंबकाचं क्षेत्र थरथरतं, आणि त्या थरथरीमुळे गुंडाळीत अगदी किंचित वीज तयार होते. ती वीज अँप्लिफायरने मोठी केली की झाला आवाज. बस्स, इतकंच. बॅटरी नाही, ट्रान्झिस्टर नाही, हलणारा एकही भाग नाही.

यामागचं तत्त्व मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवलं होतं. ते गिटारला लागायला बरोबर शंभर वर्षं गेली. १९३१ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बीचम नावाचा गिटारवादक एका साध्या अडचणीने वैतागला होता. मोठ्या हॉलमध्ये पितळी वाद्यांपुढे गिटार ऐकूच जात नव्हती. त्याने आणि पॉल बार्थने मिळून गुंडाळी आणि नालेच्या आकाराचे चुंबक वापरून पिकअप बनवला. गुंडाळी करायला घरगुती यंत्राची मोटर वापरली म्हणे. कपडे धुण्याच्या यंत्राची की शिलाई मशीनची, याबद्दल दोन आठवणी आहेत. अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकरच्या साथीने १९३२ मध्ये त्यांची अ‍ॅल्युमिनियमची गिटार बाजारात आली. आकारामुळे तिचं नाव पडलं 'फ्राइंग पॅन'.

पेटंट मात्र १९३७ उजाडल्यावर मिळालं. हे यंत्र खरोखर चालतं का, अशीच शंका पेटंट कचेरीला होती. शेवटी सोल हूपीसारख्या वादकांना वॉशिंग्टनला पाठवून तपासनिसांसमोर ते वाजवून दाखवावं लागलं. डेमो दिल्याशिवाय अप्रूव्हल नाही, हे तेव्हापासूनचं आहे. :)

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ही पहिली इलेक्ट्रिक गिटार आडवी ठेवून, तारेवर धातूचा तुकडा सरकवत वाजवायची होती, म्हणजेच 'हवाईयन' गिटार. तिचा संबंध पुढे मुंबईशी येणार आहे.

तीस ग्रॅम तांबं

आता बिघाड कुठे होतो ते पाहू, कारण पुढचा सगळा वाद तिथेच आहे.

फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरचं (१९५४) उदाहरण घेऊ. तिच्या एका पिकअपमध्ये साधारण आठ हजार वेढे असतात. तारेची जाडी ०.०६३ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या पंक्तीतली. एका पिकअपचा रोध साधारण सहा किलोओहम भरतो. या जाडीच्या तांब्याचा रोध मीटरला साधारण ५.४ ओहम धरला, तर तारेची लांबी अकराशे मीटर येते. एका पिकअपमध्ये एक किलोमीटरहून जास्त तार, आणि वजन किती? तीस ग्रॅमच्या आसपास!

या अकराशे मीटरमध्ये कुठेही एक तुटका बिंदू आला की पिकअप मेला. एकच रांग, मध्ये दुसरा रस्ता नाही. सॉफ्टवेअरवाले याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतील. इथे असे पॉइंट अकराशे मीटरभर पसरलेले आहेत.

तार तुटते ती बहुधा तीन कारणांनी. पहिलं, टोकांशी. ही केसासारखी तार जिथे जाड वायरला डाग देऊन जोडलेली असते तिथे ओढ बसते. दुसरं, डाग देताना वापरलेला आम्लयुक्त फ्लक्स तसाच राहिला तर तो वर्षानुवर्षं तांबं खात राहतो. आणि तिसरं म्हणजे दमट हवा. फेंडरच्या जुन्या पिकअपमध्ये तार थेट चुंबकाच्या दांड्यांवरच गुंडाळलेली असे, मध्ये फक्त लॅकरचा पातळ थर. दमट हवेत दांड्यांना गंज चढतो, तो फुगतो, आणि आतले वेढे कापले जातात.

घोडबंदरला राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. समोर वसईची खाडी, पाठीशी डोंगर, आणि जूनपासून चार महिने कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर पांढरी बुरशी. खाऱ्या हवेत दाराच्या कडीचं जे होतं तेच पिकअपच्या आत होतं, फक्त दिसत नाही. मग एक दिवस जोडणीवर हिरवट डाग दिसतो.

चुंबक मात्र सहसा मरत नाही. तो कमजोर झाला तरी पुन्हा चुंबकीय करता येतो. म्हणजे मेलेल्या पिकअपमध्ये मेलेलं असतं ते तीस ग्रॅम तांबं. बाकी सगळं शाबूत.

उत्तर कसं बदलत गेलं

पहिली चाळीस वर्षं हा प्रश्न जवळपास नव्हताच. वरून अडकवायचे सुटे पिकअप मिळत, पण 'तुमच्या गिटारमधला काढा आणि त्याच खोबणीत आमचा बसवा' अशी तयार वस्तू दुकानात नसे. कारखान्यातून आला तोच पिकअप, आणि तो मेला तर कोणीतरी तार पुन्हा भरायची. म्हणजे पर्याय नसल्यामुळे पिकअपची जवारी झाली होती.

आणि त्या काळी पिकअपला कोणी पवित्रही मानत नव्हतं. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये हंबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडून विजेची घुमघुम एकमेकांत खोडून काढायची, अशी ती युक्ती. १९५७ पासून हे पिकअप गिब्सनच्या लेस पॉल गिटारवर लागू लागले. पेटंट मिळालं १९५९ मध्ये, तरी 'पेटंट अप्लाइड फॉर' अशी चिठ्ठी खाली चिकटवलेले पिकअप १९६२ च्या आसपासपर्यंत येत राहिले. आज याच पिकअपना गिटारवाले 'पॅफ' म्हणतात आणि त्यांच्यासाठी अख्ख्या नव्या गिटारपेक्षा जास्त पैसे मोजतात.

पण हे पिकअप बनले कसे? वेढे मोजून थांबण्याची शिस्त ढिली होती, त्यामुळे कोणात वेढे जास्त, कोणात कमी. चुंबकही हाती लागेल त्या प्रतीचे. म्हणजे आज ज्याला 'जादू' म्हणतात तिचा बराचसा भाग तेव्हाच्या क्वालिटी कंट्रोलचा ढिसाळपणा होता! कोणताही दोन पॅफ तंतोतंत सारखे नाहीत. त्यामुळे एखाद्याची तार गेली की 'अगदी तसाच' भरून मिळणं अवघड, कारण 'तसा' म्हणजे कसा, हे कुठेच लिहून ठेवलेलं नाही.

मग १९७२ साली लॅरी डिमार्झिओने 'सुपर डिस्टॉर्शन' नावाचा पिकअप आणला. जुना काढून त्याच्या जागी बसवण्यासाठीच बनवलेला, आणि मूळच्यापेक्षा जास्त दणदणीत. इथे पहिल्यांदा पिकअपची पुडी झाली. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत लोकांनी चांगले चालू असलेले मूळ पिकअपसुद्धा काढून नवे लावले. ज्यांनी जुने ड्रॉवरमध्ये टाकून ठेवले त्यांची पुढे चांदी झाली. ज्यांनी फेकले त्यांच्याबद्दल काय बोलावं!

या पुडी-पर्वातलं दुसरं मोठं नाव म्हणजे सीमोर डंकन. त्याची कंपनी १९७६ ची. पण त्याची सुरुवात कशी झाली माहीत आहे? शाळकरी वयात त्याच्या टेलिकास्टरचा पिकअप तुटला. नवा मिळण्याची सोय नव्हती. मग त्याने रेकॉर्ड प्लेयरच्या फिरत्या तबकडीवर पिकअप ठेवून तो स्वतःच भरला. (हिशेब करून पाहिला. ७८ च्या वेगाने न थांबता फिरवलं तरी आठ हजार वेढ्यांना पावणेदोन तास लागतात.) पुढे लंडनमध्ये त्याने जेफ बेक, जिमी पेज अशा बड्या लोकांच्या गिटारींचे पिकअप हाताळले. म्हणजे आज 'बदलून टाका' म्हणून जी कंपनी जगभर पिकअप विकते, तिचा जन्म 'भरून घेऊ' या हट्टातून झालाय.

मुंबई: पर्याय नसलेली माणसं

हे झालं तिकडचं. आपल्याकडे काय चाललं होतं?

मघाशी म्हटलं तशी आपल्याकडेही आधी रुळली ती हवाईयन गिटार. हिंदी गाण्यांची गिटारवरची रेकॉर्ड ही एके काळी घरोघरची गोष्ट होती. मुंबईत व्हॅन शिपले इलेक्ट्रिक हवाईयन गिटार आणि व्हायोलिन वाजवायचे. पुण्याचे अकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स यांच्यासोबतच्या त्यांच्या तबकड्या आजही जुन्या बाजारात मिळतात. १९६७ मध्ये ब्रिजभूषण काब्रा यांनी हीच सरकत्या सुरांची गिटार शिवकुमार शर्मांच्या संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीसोबत 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये वाजवली. त्या रेकॉर्डचे निर्माते होते एचएमव्हीतले जी. एन. जोशी, म्हणजे आपले भावगीतवाले जोशी. सत्तरीत तर उभी इलेक्ट्रिक गिटार सिनेमाच्या मध्यभागी आली. १९७१ च्या 'दम मारो दम'ची गिटार भूपिंदर सिंगांची, १९८० च्या 'कर्ज'मधली गोरख शर्मांची.

म्हणजे वाजवणारे होते, वाद्यं होती, धोबी तलावाला दुकानं होती. नव्हते ते सुटे भाग. परदेशी ग्राहकोपयोगी माल आणायला परवाने लागत. १९९१ च्या सुधारणांनंतरही यातली बरीच बंधनं टिकून होती. आयातीवरची ही संख्यात्मक बंधनं सरतेशेवटी उठली ती १ एप्रिल २००१ ला. म्हणजे डिमार्झिओचा पिकअप १९७२ मध्ये आला तरी आपल्यासाठी '१९७२' उजाडायला आणखी जवळपास तीस वर्षं लागली.

तोवर पिकअप मेला की काय करायचं? परदेशातून येणाऱ्या कोणाला तरी सांगायचं, दुसऱ्या एखाद्या गिटारचा काढून लावायचा, नाहीतर भरून घ्यायचा. आणि भरून घ्यायच्या बाबतीत आपण अजिबात मागास नव्हतो. महाराष्ट्रात तालुक्याच्या कुठल्याही गावी जा, एसटी स्टँडजवळ मोटर रिवाइंडिंगचं दुकान असतंच. विहिरीवरची मोटर जळाली की शेतकरी ती 'भरायला' टाकतो. तिथला माणूस जळकी गुंडाळी सोडवताना वेढे मोजतो, तारेचा नंबर तपासतो, वहीत लिहितो, मग त्याच मापाची नवी तार भरून वर वार्निश मारतो. नवी मोटर परवडत नाही आणि पिकाला पाणी आजच हवंय, या दोन कारणांनी हा अख्खा धंदा उभा आहे. डंकनने तबकडीवर जे केलं ते आपल्याकडे गावोगावी रोज चालतं, फक्त तार जाड असते.

पण याच जाडीत एक मेख आहे, आणि ती इंजिनियर मंडळींना आवडेल. पिकअपची तार '४२ नंबरची' असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तो नंबर अमेरिकी मापाचा. आपल्याकडे तार विकली जाते ब्रिटिश मापाने, म्हणजे एसडब्ल्यूजीने. लोहार चाळीत जाऊन तुम्ही ४२ नंबर मागितलात तर दुकानदार ४२ नंबरच देईल, पण ती तार ०.१ मिलिमीटरची निघेल. मूळ तारेच्या अडीचपट क्षेत्रफळाची. मग त्याच जागेत आठ हजारांऐवजी तीन हजारांच्या आसपास वेढे बसणार, रोध हजार ओहमच्याही खाली जाणार, आणि आवाज बारीक आणि चिरका येणार. हवी असते ती साधारण ४६ एसडब्ल्यूजी. एकाच आकड्याची दोन मापं, आणि कंपायलर एररसुद्धा देत नाही.

एक गिटार

ऑफिसमधल्या एका मित्राकडे (राहतो इथेच, घोडबंदरला) त्याच्या वडिलांची इलेक्ट्रिक गिटार आहे. सत्तरच्या दशकातली, कोलकात्यात बनलेली. वडील तरुणपणी गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. ते गेल्यावर गिटार माळ्यावरून खाली आली आणि कळलं की दोनपैकी मागचा पिकअप मुका आहे. एका दुकानात सल्ला मिळाला, 'दोन्ही काढा, नवे टाका, जुने ठेवून काय करणार?' मित्र मल्टिमीटर असलेल्या माणसाकडे, म्हणजे माझ्याकडे आला.

पहिला नियम: पिकअपवर खापर फोडण्याआधी जॅक, स्विच आणि पॉट तपासायचे. 'पिकअप गेला' म्हणून येणाऱ्या पुष्कळ गिटारींत पिकअप ठणठणीत असतो. इथे मात्र तसं नव्हतं. पुढचा पिकअप ५.८ किलोओहम, मागचा उघडा. मीटर काहीच दाखवेना. टोकाच्या दोन्ही जोडण्या भिंगाखाली पाहिल्या, एकीवर तो हिरवट डाग होता. ती जोडणी साफ करून डाग पुन्हा दिला, तरी मीटर मुकाच. म्हणजे तार आत कुठेतरी तुटलेली.

आता खरे पर्याय तीन होते. एक, तीच चौकट ठेवून जुनी तार कापून काढायची आणि नवी भरायची. दोन, बाजारातला नवा पिकअप. पण या गिटारची खोबण आजच्या कुठल्याच ठरलेल्या मापाची नाही, त्यामुळे लाकूड कोरावं लागणार. तीन, त्याच मापाची नवी चौकट करून तिच्यावर वेगळा पिकअप बनवून घ्यायचा आणि मेलेला तसाच काढून ठेवायचा.

मित्राने विचारलं, 'भरून घेतला तर आवाज बाबांच्या वेळेसारखाच येईल ना?'

हा प्रश्न मोटर भरायला टाकणाऱ्या शेतकऱ्याला कधी पडत नाही. त्याला पाणी हवं असतं. इथे मात्र सगळं त्या प्रश्नावर अडलेलं. आणि प्रामाणिक उत्तर असं की सांगता येत नाही. नुसता रोध जुळवून आवाज जुळत नाही. तारेवरचं इन्सुलेशन किती जाड, वेढे घट्ट की सैल, एकसारखे की अस्ताव्यस्त, यावर गुंडाळीचे बाकीचे गुणधर्म ठरतात आणि त्यावर आवाज. त्या मागच्या पिकअपचा आवाज कुठेही रेकॉर्ड नाही. 'तसाच' म्हणजे कसा, हे सांगणारा एकमेव माणूस आता नाही.

पण एक साक्षीदार होता, तो म्हणजे पुढचा पिकअप. तोच कारखाना, तोच काळ, तशीच चौकट, आणि जिवंत. तारेची जाडी, रोध, चुंबकाची दिशा, हे सगळं त्याच्यावरून मोजून घेता येत होतं.

किल्ल्याचा नियम

इथे मला आमच्या घोडबंदरच्या किल्ल्याची मदत झाली. पोर्तुगीजांच्या काळातला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला, खाडीवर नजर ठेवून बसलेला किल्ला. अशा जुन्या चुन्याच्या बांधकामाला सिमेंट फासलं तर काय होतं ते जतनवाले सांगतात. सिमेंट जास्त कडक आणि ओलावा न सोडणारं. आत अडकलेलं पाणी आणि मीठ मग शेजारचा जुना दगडच फोडतं. म्हणजे मजबूत करायला गेलो आणि मूळ वस्तू घालवली. शिवाय ते सिमेंट नंतर काढायचं म्हटलं तर दगडाचे टवके घेऊनच निघतं.

जुन्या वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिस सनद झाली. तिच्यातली दोन तत्त्वं मला गिटारलाही जशीच्या तशी लागू वाटतात. एक, जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्बांधणी थांबवायची. दोन, नव्याने घातलेला भाग एकूण वास्तूशी मिळताजुळता हवा, पण मूळ कोणता आणि नवा कोणता हे ओळखू आलं पाहिजे. याच्या जोडीला जतनवाल्यांमध्ये रुळलेलं तिसरं तत्त्व म्हणजे जे कराल ते शक्यतो परत फिरवता यावं.

हे तिसरं तत्त्व लावलं आणि माझा सगळा प्रश्नच उलटा झाला. आपण धरून चालतो की दुरुस्ती म्हणजे जपणूक आणि बदल म्हणजे नासधूस. पण तार पुन्हा भरणं ही परत न फिरणारी गोष्ट आहे. जुनी गुंडाळी कापून टाकली की त्या पिकअपमधली सगळी माहिती गेली. उलट, मेलेला पिकअप जपून काढून ठेवला आणि त्याच खोबणीत, लाकडाला हात न लावता दुसरा बसवला, तर काहीच गेलेलं नाही. उद्या मन बदललं तर चार स्क्रू आणि दोन डाग, मूळ गिटार परत. रिव्हर्ट करता येतं.

म्हणजे दुरुस्त की बदल, या भांडणात अर्थ कमी. या कृतीनंतर मागे फिरता येईल का, हे विचारलं की बहुतेक उत्तरं आपोआप मिळतात:

१. बिघाड टोकाच्या जोडणीत असेल तर दुरुस्तच करा. गुंडाळीला धक्का लागत नाही, खर्च नगण्य. नवा पिकअप घेण्याचा प्रश्नच नाही.

२. पिकअप जिवंत आहे पण मोठ्या आवाजात शिट्टी मारतो? वेढे सैल झालेत. मेणात बुडवून ते बसवता येतात. मेण साधारण ६० ते ६५ अंशांपर्यंतच, आणि थेट आचेवर कधीही नाही, पाण्याच्या भांड्यात ठेवून. जास्त तापलं तर प्लास्टिकची चौकट वितळते, आणि मेण पेटतंही.

३. गिटार नवी, पिकअप ठरलेल्या मापाचा, तार आत तुटलेली: सरळ बदला. ही पुडी आहे. हळहळू नका.

४. गिटार जुनी किंवा जवळच्या माणसाची, आणि त्याच मापाचा पिकअप मिळतो किंवा बनवून घेता येतो: बदला, पण मूळ पिकअप जपून ठेवा.

५. बदलण्यासाठी लाकूड कोरावं लागणार असेल आणि वेगळा बनवून घेणंही शक्य नसेल, तर भरून घ्या. पण आधी जे मोजता येईल ते सगळं मोजून लिहून ठेवा.

६. लाकूड कोरणं हा शेवटचा पर्याय. खरं तर तो यादीत नसलाच तर बरा.

मित्राने चौथा रस्ता घेतला. पिकअप हाताने बनवणाऱ्या एकाकडून, पुढच्या पिकअपची मापं देऊन, त्याच आकाराचा नवा करून घेतला. आवाज छान आहे. वडिलांच्या वेळेसारखा आहे का, हे आम्ही एकमेकांना विचारलं नाही. गणपतीत त्याने सोसायटीच्या कार्यक्रमात ती गिटार वाजवली आणि त्याची आई पहिल्या रांगेत बसून होती, एवढं सांगतो.

जुना पिकअप एका पाकिटात घालून, सिलिका जेलच्या पुड्यांसह गिटारच्या पेटीतच ठेवलाय. नव्याच्या खाली चिठ्ठी चिकटवली आहे: कधी बसवला, कोणत्या जाडीची तार, किती वेढे, किती ओहम, आणि जुना कुठे आहे. पन्नासेक वर्षांनी कोणीतरी ती गिटार उघडेल. तेव्हा तुटलेल्या तारेचं टोक शोधायची काहीतरी भन्नाट सोय कदाचित निघालेली असेल. त्या माणसाला आपल्यासारखा अंदाज बांधत बसावं लागू नये, म्हणून ती चिठ्ठी. पॅफ बनवणाऱ्यांनी असली एक वही ठेवली असती तर केवढा वाद वाचला असता!

असो. तुमच्याकडे माळ्यावर एखादी मुकी गिटार असेल तर आधी जॅक तपासा. मग मीटर काढा. आणि दुकानदार 'जुना ठेवून काय करणार' म्हणाला तरी तो मागून घ्या, तुमचाच आहे.